पेरणी थांबत नाही, मग फाईल का थांबते?

प्रश्न : मी घनसावंगी तालुक्यातला. एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहाय्यक आहे, नोकरीला नऊ वर्षं झाली. घरची पाच एकर काळी जमीन आहे. वडील थकल्यापासून तीही मीच बघतो. शेतात मी काही म्हणजे काही पुढे ढकलत नाही. वाफसा आला की रजा टाकून पेरणीला उभा राहतो. आणि ऑफिसात टेबलावरच्या एका फायलीला गेले साडेतीन महिने मी हात लावलेला नाही. बाकीची कामं होतात. ती फाईल दिसली की मी उठून पाणी प्यायला जातो. माणूस तोच, मग असं का? समर्थांचं जांब आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे आळसाविरुद्ध लहानपणापासून ऐकत आलोय. मी आळशी आहे का?
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : नाही, तुम्ही आळशी नाही, आणि पुराव्याला तुमचंच पत्र पुरे आहे. आळशी माणसाची पेरणीही मागे पडते, फाईलही पडते आणि घरच्या नळाची गळतीही तशीच राहते. तुमचं मात्र एकाच ठिकाणी अडतं. म्हणून स्वभावाला दोष देणं आधी थांबवा आणि त्या एका फायलीकडे नीट बघा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पाणी प्यायला उठण्याचं वाक्य. तेव्हा तहान लागलेली नसते. फाईल दिसली की पोटात गोळा येतो आणि जागेवरून उठलं की तो जातो, एवढंच घडतं. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या संशोधकांनी २०१३ साली हेच मांडलं. चालढकल करणारा माणूस वेळेपेक्षा स्वतःच्या मनःस्थितीशी झगडत असतो. नकोशी भावना आत्ताच्या आत्ता घालवायची असते, तिची किंमत नंतर मोजू असं तो स्वतःला सांगतो. आणि उठल्यावर खरंच बरं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय आपोआप माठाकडे वळतात. अशा शंभर दिवसांत सवय मुरते.

आता शेत आणि टेबल शेजारी शेजारी ठेवून बघू, कारण तुमच्या प्रश्नाची गंमत तिथेच आहे.

वाफसा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. काळ्या रानात पावसानंतर तो नेमका पोत येतो. फार ओल असेल तर माती फणाला धरते, फार सुकलं तर दाणा उगवत नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तो झाला आणि उघडीप मिळाली की दोन-चार दिवस तुमच्या हातात असतात. ही मुदत कोणत्या साहेबाने घातलेली नसते. ती जमिनीतून येते, म्हणून तिच्याशी घासाघीस करता येत नाही. संकरित बियाण्याच्या कपाशीचा प्लॉट घेणाऱ्यांना तर दिवसही मिळत नाहीत, तासच मिळतात. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज दुपारनंतर काढायचे आणि उद्या सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. ती सकाळ चुकली की ते फूल गेलं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली ती आपल्या जालन्यात. बियाण्याचं काम या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. तेव्हा कामाला घटका असते हे जालनेकरांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

फायलीला वाफसा नसतो. ती आज उघडली काय, सोमवारी उघडली काय, कागद तेवढाच कोरडा. हा पहिला फरक.

दुसरा फरक सोबतीचा. पेरणीला तिफण धरणारा असतो, मागे चाड्यावर मूठ धरणारी घरची बाई असते. पूर्वी इर्जिकीला शेजारपाजारचे बैल घेऊन यायचे. चार माणसं बांधावर येऊन उभी राहिली की आज नको असं कोण म्हणेल? फाईल मात्र एकट्याची असते. खोलीत पंधरा माणसं बसलेली असली तरी एकट्याचीच.

तिसरा फरक फळाचा. कापूस वेचायला महिने जातात हे खरं, पण आठवड्याच्या आत हिरवी तासं दिसायला लागतात आणि माणसाचा जीव भांड्यात पडतो. तुम्ही टिपणी लिहून वर सादर केली की तिचं काय झालं, हे कधी कधी तुम्हाला कळतही नाही. कॅलगरी विद्यापीठातले पियर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात ठळक दिसलेली कारणं अशी: काम किती नकोसं आहे, त्याचं फळ किती लांब आहे, आणि ते आपल्याला जमेल यावर आपला किती विश्वास आहे. तुमची पेरणी या तिन्ही कसोट्यांवर उतरते. ती फाईल बहुधा तिन्हींवर नापास होते.

चौथा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो आणि त्याबद्दल ऑफिसात कुणी बोलत नाही. दाणा तुम्हाला प्रश्न विचारत नाही. टिपणीवर तुमची सही असते. तिच्यात चूक निघाली तर तुमचं नाव निघतं, आणि उशीर जितका झालेला तितकं ती फाईल उघडणं अवघड होतं, कारण आता कामाबरोबर उशीरही कबूल करायचा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली. कुटुंब निवृत्तिवेतनाचं एक प्रकरण माझ्या कपाटात चार महिने होतं. सेवापुस्तकात मधल्या दोन वर्षांच्या पडताळणीची नोंद नव्हती. जुन्या कार्यालयाला पत्र लिहून ती मागवायची, एवढं काम. पहिल्या आठवड्यात ते पत्र लिहायचं राहिलं. दुसऱ्या महिन्यात पत्रावर आजची तारीख कशी घालायची याची लाज वाटायला लागली. तिसऱ्या महिन्यात मी ते कपाटच उघडेनासा झालो. गेलेल्या कर्मचाऱ्याची पत्नी दर सोमवारी यायची. कापडी पिशवीत मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला असायचा, प्रत्येक वेळी ती तो काढून मांडीवर ठेवायची. एका सोमवारी बाकावरून उठून ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, माझाच काही कागद कमी आहे का?"

चार महिने ती स्वतःची चूक शोधत होती.

त्या दुपारी मी ते पत्र लिहिलं. सहा ओळींचं झालं. प्रकरण काही त्या दिवशी संपलं नाही. जुन्या कार्यालयाचं उत्तर यायला अकरा दिवस लागले, मग एक त्रुटी निघाली, ती पुन्हा दुरुस्त केली. पण पोटातला गोळा मात्र पहिल्या दहा मिनिटांतच गेला होता. मी इतके दिवस त्या दहा मिनिटांना घाबरत होतो, कामाला नाही.

तुम्ही जांबेचा उल्लेख केला म्हणून सांगतो. शके १५३० म्हणजे १६०८ साली समर्थ तिथे ठोसरांच्या घरी जन्मले आणि दासबोधात आळसाला त्यांनी करंट्याचं लक्षण ठरवलं, हे आपण सगळे ऐकत आलो. यत्नाच्या शिकवणीचा एक आख्खा समास बाराव्या दशकात आहे, तोही माहितीचा. पण कारकुनाने वाचावा असा समास मला विचाराल तर एकोणिसाव्या दशकाचा पहिला, लेखनक्रियेचा. त्यात उपदेशाचा धाक नाही. अक्षर कसं वळवावं, ओळी सरळ कशा ठेवाव्यात, चहूबाजूंनी समास किती सोडावा, बोरू कसे निवडावेत, ते तासायला चाकू कसा हवा, शाई आणि कागद कसे जमवावेत, असा तपशील आहे. दोनशे समासांच्या ग्रंथात ज्याने आळसावर एवढे कोरडे ओढले, त्याच माणसाला कळलेलं होतं की लिहिणाऱ्याला 'लिही' म्हणून भागत नाही. त्याच्या हातात तासलेला बोरू द्यावा लागतो. तुम्ही लहानपणापासून ऐकलात तो दासबोधाचा दटावणीचा भाग. हा दुसरा भाग शाळेत कुणी तितक्या मनाने सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सरकारनेही हा प्रश्न दोन्ही बाजूंनी हाताळून पाहिला आहे. दटावणीची बाजू म्हणजे २००५ चा अधिनियम, ज्याला आपण बोलताना दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध असं दोन्ही त्याच्या नावातच आहे. त्यातलं कलम १० तुम्हाला तोंडपाठ असेल. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. तातडीची चार दिवसांत जावी, आणि अगदी तत्काळची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी. जाणूनबुजून दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई. कायदा हवाच, बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी पाहिजे. पण त्याचा रोख हेतुपुरस्सर अडवणाऱ्यावर आहे. तुमच्यासारखा माणूस हेतूने अडवत नाही, तो घाबरून अडतो. त्याला सात दिवसांची आठवण करून दिली की भीती आणखी वाढते.

दुसरी बाजू बोरू तासण्याची. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी आणि अभिलेखांची वर्गवारी बदलली, आणि 'लखिना पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला. सहा गठ्ठे पद्धत तुम्ही रोज वापरता किंवा वापरायला हवी: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, नष्ट करायचे. मला ही पद्धत मनापासून आवडते आणि त्याचं कारण नीटनेटकेपणा नाही. प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन हे दोन गठ्ठे वेगळे केले की एक प्रामाणिक प्रश्न टाळता येत नाही: ही फाईल कुणामुळे थांबली आहे? दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी, की माझ्यासाठी? तुमची ती फाईल आज कोणत्या गठ्ठ्यात आहे, ते बघा. माझं ते निवृत्तिवेतनाचं प्रकरण मी चार महिने प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवलं होतं. प्रतीक्षा ज्या पत्राच्या उत्तराची होती, ते पत्र मी पाठवलंच नव्हतं.

आता करायचं काय.

उद्या ती फाईल पूर्ण करायची नाही. असा संकल्प केलात तर पुन्हा माठापाशी जाल. फक्त कव्हरावर पेन्सिलीने पुढची एक कृती लिहा, हाताने करता येईल अशी. 'प्रकरण मार्गी लावणे' ही कृती नव्हे. 'पान १४ वरची तारीख मूळ आदेशाशी ताडून बघणे' ही कृती. 'अमुक शाखेला फोन करून जावक क्रमांक विचारणे' ही कृती. लिहिताना अडलात तर समजा की भीती तिथेच बसलेली आहे. काहीतरी माहीत नाही आणि विचारायची लाज वाटते आहे, किंवा कुणाला तरी उशीर सांगायचा आहे.

मग त्या कृतीला वाफसा द्या. घटका बाहेरून येत नाही तर बाहेरच्या एखाद्या गोष्टीला बांधा: 'दुपारचा चहा होऊन मी खुर्चीत बसलो, की पान १४ उघडेन.' हे बाळबोध वाटेल, पण पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा काळ याच्यावर घालवला. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. 'हे करीन' असं नुसतं ठरवणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याचं प्रमाण चांगलंच जास्त निघालं. मृगाचा पाऊस पडला की पेरायचं, हे ठरवणं याच जातीचं आहे. तुमच्या वडिलांनी कधी 'यंदा वेळेवर पेरायचा प्रयत्न करीन' असं म्हटलं नसेल.

इर्जिकही करा. विश्वासातल्या एखाद्या सहकाऱ्याला सांगा की अर्धा तास माझ्या शेजारी तुझं काम घेऊन बस. त्याने तुमची फाईल वाचायची गरज नाही. मोबदल्यात पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या शेजारी बसा. प्रत्येक टेबलाच्या कपाटात अशी एक तरी फाईल असते.

तयारीबद्दल एक सावधगिरी. बोरू तासणं हाच मुक्काम होऊ देऊ नका. नवं कव्हर, नवं टॅग, पानांवर पुन्हा क्रमांक घालणं, यात आख्खी दुपार सुखात जाते आणि काम केल्यासारखं वाटतं. तयारीला पाच मिनिटं, बस.

आणि साडेतीन महिन्यांबद्दल स्वतःला माफ करा. हे मी सांत्वनासाठी लिहीत नाही. २०१० साली वोल, पिचिल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःला शिव्या देत राहिलं की ती फाईल त्या शिव्यांचीही आठवण होऊन बसते आणि आणखी नकोशी होते. मात्र फायलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी माणूस असेल तर त्याची माफी वेगळी मागावी लागते. त्याला बोलवा, उशीर माझ्याकडून झाला म्हणा, तुमचा कागद कमी नव्हता हेही सांगा.

अजून एक गोष्ट लिहून ठेवतो, तुम्हाला लागू नसली तरी दुसऱ्या कुणा वाचकाला असेल. एका फायलीऐवजी सगळंच नकोसं झालं असेल, शेतही, पोरंबाळंही, झोप उडाली असेल किंवा अंथरुणातून उठवत नसेल, आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर ती चालढकल नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी जालन्यात एका सळईच्या कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. जीएसटीचं विवरणपत्र दर महिन्याला शेवटच्या दिवशी, रात्री उशिरा भरते. दडपण आल्यावरच माझं डोकं चालतं आणि काम चांगलं होतं, असा माझा अनुभव आहे. यात चूक काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : दडपणाखाली काम होतं, ही अर्धी गोष्ट खरी आहे. मुदत जवळ आली की दुसरं काही करायची सोय उरत नाही, म्हणून हात चालतात. काम चांगलं होतं की नाही, हे मात्र त्या रात्री ठरवू नका. पुढच्या महिन्यात किती दुरुस्त्या निघाल्या, त्यावरून ठरवा.

खरी गफलत अंदाजात होते. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले ५५. मागचा उशीर त्यांना आठवत नव्हता असं नाही, या वेळी तसं होणार नाही असं वाटत होतं. तुम्हालाही दर महिन्याला तसंच वाटत असणार.

तुमच्या कामाला तर आधीच टप्पे पाडून दिलेले आहेत. विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत जातो, खरेदीचं जमेचं पत्रक १४ तारखेला पोर्टलवर तयार होतं, मुख्य विवरणाची मुदत २० तारीख. वेळ खातो तो मधला टप्पा: आपली खरेदी आणि त्या पत्रकातली नोंद जुळवणं. एखाद्या भंगार पुरवणाऱ्याने बिल चढवलेलंच नसतं आणि त्याला फोन करायचा असतो. तो फोन तुम्ही २० तारखेच्या रात्री साडेनऊला करता. १५ तारखेला सकाळी जमा न दिसणाऱ्या बिलांची नुसती यादी काढा, बाकी काही नाही. दुपारी त्यातल्या पहिल्या नावाला फोन लावा. तीन महिने असं करून दुरुस्त्या मोजा आणि मला आकडा कळवा, मग दडपणाचं काय ते बोलू.